मुलांच्या दमाने: लहान मुलांच्या घरात सगळ्यांनी मिळून खेळायचं कसं

रोज संध्याकाळी मुलाला घेऊन अर्धा तास चालायला जायचं, असं पुष्कळ घरांत ठरतं आणि आठवड्याभरात बारगळतं. तीन वर्षांचं मूल गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालतं आणि हात वर करून उभं राहतं, उचलून घ्या म्हणून. आईबाबांना वाटतं, दमलं बिचारं. घरी आल्यावर तेच मूल पलंगावरून उडी मारतं, परत चढतं, परत उडी मारतं आणि जेवायला हाक मारली तरी थांबत नाही. यात मुलाची लबाडी नसते आणि आळसही नसतो. एका लयीत बराच वेळ चालत राहणं हे मोठ्या माणसाचं काम आहे. लहान मुलाचं शरीर झटक्यात सुटायचं, लगेच थांबायचं आणि पुन्हा सुटायचं, अशा पद्धतीने चालतं.

६ ते १० वर्षांच्या मुलांची हालचाल अगदी बारकाईने टिपणारा एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात जोरकस हालचालीचा एकेक झटका साधारण ३ सेकंदांचा भरला आणि १०० पैकी ९५ झटके १५ सेकंदांच्या आत संपले. याहून लहान मुलांकडे घरी नुसतं बघत बसलं तरी हेच दिसतं. त्याची कारणं शरीरात आहेत. पाय आखूड असल्यामुळे तेवढ्याच अंतराला मुलाला कितीतरी जास्त पावलं टाकावी लागतात, आणि वजनाच्या मानाने चालण्याचा खर्चही त्याला जास्त पडतो. उलट छोट्या धावेनंतर त्याचा श्वास आणि नाडी मोठ्यांपेक्षा फार लवकर ताळ्यावर येतात. म्हणून ते धावतं, बसतं, मातीत काहीतरी उकरतं आणि तुम्ही अजून धापा टाकत असतानाच पुन्हा पळतं.

घरच्या सगळ्यांनी मिळून व्यायाम करायचा तर तो मुलाच्या या रीतीने आखावा लागतो. मोठ्यांचा व्यायाम त्यातच बसवता येतो. मोठ्यांच्या व्यायामात मूल बसवायला गेलं, की कडेवर घेऊन परत यावं लागतं.

किती हालचाल पुरेशी?

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी २०१९ मध्ये दिलेले आकडे असे आहेत. एक वर्षाच्या आतल्या, अजून न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसात निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि ३-४ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली निदान ६० मिनिटं धावपळीची असावीत. गाडीतली खुर्ची, बाबागाडी, जेवायची उंच खुर्ची अशा जागी मुलाला सलग तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये. पाच वर्षांनंतर रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल लागते. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काही.

१८० मिनिटं ऐकून घाबरायचं कारण नाही. त्यात जिना चढणं, अंगणात इकडून तिकडे करणं, घरकामात लुडबुड हे सगळं धरलेलं आहे. धुतलेले कपडे वाळत घालायची बादली जमिनीवर ठेवा आणि मुलाला एकेक कपडा काढून हातात द्यायला सांगा. दर कपड्याला मूल खाली वाकतं, पिळा सोडवतं, उभं राहतं आणि हात वर ताणतं. पंचवीस कपड्यांत पंचवीस उठाबशा होतात आणि मुलाला तो व्यायाम वाटतही नाही. काम दुप्पट वेळ खातं हे खरं, म्हणून सकाळच्या घाईत हे करू नका, सुट्टीच्या दिवशी करा.

मध्यम आणि जोरकस हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तो जोरकस.

मैदानावर: खेळ तोच, भार वेगवेगळा

तीन वर्षांचं मूल, सात वर्षांचं मूल, आई, बाबा, आणि बाकावर बसणारे आजोबा. एवढ्या सगळ्यांना एका खेळात घ्यायचं, तर आपल्याकडचे जुने मैदानी खेळ फार कामाचे आहेत. त्यातही आमची पहिली पसंती विषामृताला.

ज्याच्यावर राज्य, तो शिवला की 'विष', मग पुतळा होऊन उभं राहायचं. दुसऱ्या कुणी येऊन 'अमृत' दिलं की सुटका. यात १० सेकंद पळणं आणि मग सक्तीची विश्रांती आपोआप होते, म्हणजे मुलांच्या शरीराची रीतच इथे नियम म्हणून आलेली आहे. शिवाय कुणी बाद होत नाही. संगीत खुर्चीसारख्या खेळात सगळ्यांत लहान मूल पहिल्यांदा बाद होतं आणि ज्याला हालचालीची सगळ्यांत जास्त गरज, तेच सगळ्यांत जास्त वेळ बसून राहतं. लहान मुलांबरोबर बाद व्हायचे खेळ शक्यतो टाळाच.

आता भार वाटून द्या. बाबांवर राज्य असेल तर त्यांनी लंगडी घालत पकडायचं, मुलांनी मोकळं पळायचं. मुलांना बाबांच्या तावडीतून सुटता येतं आणि बाबांचा दम अर्ध्या मिनिटात निघतो. आईने सुटका करायला जाताना प्रत्येक वेळी तीन उठाबशा काढून मगच 'अमृत' द्यायचं. दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर त्याला हाताला धरून 'अमृताचा हंडा' करा. त्याचा हात लागला की पुतळा सुटतो. त्याला नियम कळायची गरज नाही, सगळे आपल्या हाताची वाट बघतायत एवढं कळलं की ते स्वतःहून दुडदुडत प्रत्येकाकडे जातं. आजोबा आकडे म्हणतात आणि पाण्याची बाटली सांभाळतात. त्यांना गुडघ्यांनी साथ दिली तर दर फेरीला मैदानाला एक चक्कर मारतात.

लगोरीतही थोडा फेरफार लागतो. सात ठिकऱ्यांऐवजी लहानांना चार मोठ्या चपट्या ठिकऱ्या द्या आणि दीड-दोन मीटरवरून नेम धरू द्या. रबरी चेंडू जवळून लागला की मूल पुन्हा खेळायला येत नाही, म्हणून जुना मोजा चिंध्यांनी भरून, तोंड शिवून चेंडू करा. तो दूर जात नाही, त्यामुळे चेंडू आणण्यात वेळही जात नाही. लगोरी रचायला वाकणं, मारा चुकवायला पळणं, नेम धरणं हे तिन्ही त्यात आहे.

अर्ध्या तासाचा एक डाव साधारण असा बसतो: पहिली ५ मिनिटं सगळ्यांनी हात धरून भरभर चालायचं आणि मोठ्यांनी जागच्या जागी टाचा १५-२० वेळा वर-खाली करायच्या. मग १० मिनिटं विषामृत, ५ मिनिटं पाणी आणि मोकळा वेळ, १० मिनिटं लगोरी किंवा डबा ऐसपैस, आणि घरी परतताना दगड का माती. मधल्या मोकळ्या वेळात मुलांनी काही केलं नाही तरी त्यांना हाकलू नका. मुंगी बघत उकिडवं बसणं हीसुद्धा पाय आणि कमरेची कसरतच आहे.

टाचांचा भाग मोठ्यांनी गाळू नये. वर्षानुवर्षं न धावलेला माणूस मुलामागे एकदम सुटतो तेव्हा पोटरी किंवा मांडीच्या मागचा स्नायू भरतो, कधी फाटतो. पहिले दोन आठवडे लंगडी एका दमात दहापेक्षा जास्त घालू नका आणि पूर्ण वेगाने धावू नका. चप्पल घालून तर मुळीच नको. मुलांनाही मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट द्या. जागा साफ असेल, काचा-खिळे नसतील, तर मऊ मातीवर अनवाणी उत्तम.

वयाप्रमाणे काय जमतं

दोन-अडीच वर्षांला दोन्ही पाय उचलून उडी जमते. तिसऱ्या वर्षी मूल एका पायावर क्षणभर उभं राहतं, एकेक पाऊल टाकत जिना चढतं. तसाच जिना उतरणं पुढच्या वर्षभरात येतं. चौथ्या वर्षी लंगडी दोन-चार पावलं जमायला लागते आणि मोठा चेंडू दोन्ही हातांनी झेलता येतो. दोरीवरच्या उड्यांना बहुतेक मुलांना सहा वर्षं लागतात, कारण तिथे हात आणि पाय वेगवेगळ्या तालात चालवावे लागतात. चार वर्षांच्या मुलाला दोरी देऊन 'जमत नाही' असं रडवण्यापेक्षा दोरी जमिनीवर नागमोडी ठेवा आणि तिच्यावरून चालू द्या, मग ती वितीभर उंच धरून उडी मारू द्या. उंच धरताना दोरी बांधू नका. हातात सैल धरा, म्हणजे पाय अडकला तर ती सुटून येईल.

बाळ असेल तर सुरुवात जमिनीवर होते. सतरंजीवर दुपटं अंथरा आणि बाळ जागं असताना, दूध पाजल्यानंतर लगेच नाही, तर लंगोट बदलल्यावर त्याला पालथं ठेवा. सुरुवातीला एक-दोन मिनिटंच, दिवसातून सात-आठ वेळा. रडायला लागलं की उताणं करा, पुन्हा नंतर. तुम्ही समोर पालथे पडून चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीला आणा. तुम्ही भुजंगासनात असता आणि बाळ तुम्हाला बघायला मान उचलतं. नजर सतत हवी, आणि झोपवताना मात्र उताणंच. बाळंतिणीने, विशेषतः सिझेरियन झालेलं असेल तर, पोटावर ताण येणारं काही सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

चाकांचा वॉकर घेऊ नका. त्यात मूल लवकर चालतं हा समज चुकीचा आहे. पायांच्या बोटांवर रेटा देत ते सरकतं, तोल सांभाळायला शिकत नाही. शिवाय उंबरा किंवा जिना आला की क्षणात डोक्यावर आपटतं. कॅनडाने २००४ पासून वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

पावसाळ्यात, घरातल्या घरात

दोन खोल्यांच्या घरातही दम काढता येतो, फक्त उड्यांऐवजी हातापायांवर चालायचं, म्हणजे खालच्या मजल्यावरचे वर येत नाहीत. अस्वल: हात आणि पाय जमिनीवर, गुडघे टेकवायचे नाहीत, कंबर वर. खेकडा: बसून हात मागे टेकवायचे, कंबर उचलायची आणि आडवं सरकायचं. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत अस्वल, परत येताना खेकडा. मोठ्या माणसाने सलग तीन फेऱ्या केल्या की खांदे बोलायला लागतात. मनगट दुखत असेल त्याने मुठी टेकवाव्यात.

जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने एक लांब रेघ आणि सहा-सात चौकोन आखून ठेवले तर पावसाळाभर टिकतात. मोजे घालून फरशीवर धावू देऊ नका, अनवाणी पाय घसरत नाहीत. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या टॉवेलची घडी बांधा. आणि खेळ सुरू करण्यापूर्वी गॅलरीच्या कठड्याजवळची खुर्ची, स्टूल, कुंडी आत घ्या. खेळाच्या भरात मूल कशावरही चढतं.

सायकल: तोल आधी, पायडल नंतर

आपल्याकडे मुलाची सायकल आधाराच्या दोन चाकांसह येते आणि ती चाकं वर्षानुवर्षं राहतात. त्या चाकांमुळे सायकल कलतच नाही. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवणं म्हणजेच तोल, आणि नेमकं तेच शिकायचं राहून जातं. चाकं काढली की मूल पहिल्या दिवसासारखं पडतं.

याच्या उलट करा. आधाराची चाकं काढा आणि पायडलही काढा. पायडलला बहुतेक सायकलींवर १५ नंबरचा पाना बसतो. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं. पुष्कळ जण इथे उलट्या दिशेने जोर लावत बसतात आणि पायडल आणखी घट्ट करून ठेवतात. पायडल कागदात गुंडाळून डावं-उजवं लिहून ठेवा, परत बसवताना चुकीच्या बाजूला दामटलं तर आटे जातात.

सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही तळवे सपाट टेकतील. आता मुलाने सीटवर बसून आधी चालायचं, मग धावायचं, मग पाय उचलून सरकायचं. जागा सपाट किंवा अगदी हलक्या उताराची असावी. बाजूने धावणाऱ्याने हँडल धरायचं नाही, तळवा मुलाच्या पाठीवर ठेवायचा. हँडल धरलं की सायकल तुम्ही चालवता, मूल नाही. कमरेतून वाकून धावू नका, पाच-पाच मिनिटांनी आई-बाबांनी पाळी बदला. पाय उचलून पाच-सहा मोजेपर्यंत मूल सरळ सरकू लागलं आणि हलकं वळण घेऊ लागलं, की पायडल बसवा आणि सीट थोडी वर घ्या. त्याआधी ब्रेक मुलाच्या बोटांना पोचतो का आणि दाबला जातो का ते बघा. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसावं. ते मागे सरकवून घातलं तर कपाळ उघडं राहतं.

लाडात होणाऱ्या दोन इजा

मुलाचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवणं किंवा आई-बाबांनी एकेक हात धरून 'एक-दोन-साडेमाडेतीन' करत झुलवणं, हे जवळजवळ प्रत्येक घरात चालतं. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरातलं अस्थिबंधन अजून सैल असतं, आणि हात ओढला गेला की हाड त्यातून किंचित सरकतं. मूल क्षणभर रडतं, मग हात अंगाशी धरून ठेवतं आणि वापरत नाही. सूज बहुधा दिसत नाही, म्हणून घरचे 'लाडात आलंय' म्हणतात. हात चोळू नका, ओढून बघू नका, डॉक्टरांकडे न्या. जाणकार हाताने ते काही क्षणांत जागेवर बसतं. झुलवायचंच असेल तर काखेत धरून झुलवा.

दुसरी इजा घसरगुंडीवरची. लहान मूल घाबरेल म्हणून मोठं माणूस त्याला मांडीवर घेऊन घसरतं. मुलाच्या बुटाचा तळ कडेला किंवा पत्र्याला अडकतो, मोठ्या माणसाचं वजन खाली रेटत राहतं आणि मुलाची नडगी पिरगळून मोडते. एकटं घसरणारं मूल पाय अडकला तर थांबतं, कारण त्याचं वजन कमी असतं. जे मूल एकटं घसरू शकत नाही त्याच्यासाठी घसरगुंडीच्या खालच्या टोकाजवळ त्याला बसवा आणि काखेत धरून तेवढंच घसरू द्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घसरगुंडीला आधी हाताची मागची बाजू लावून बघा.

पहिली टेकडी

मुलांना डोंगर आवडतो, कारण तिथे पायऱ्या, दगड, चढ हे सगळं सारखं बदलत असतं. पहिल्यांदा पायऱ्यांची, मध्येच परत फिरता येईल अशी जागा घ्या: पुण्यात पर्वती, नाशिकला पांडवलेणी. सिंहगड आणि पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे माथ्यावर हिंडणं एवढाच बेत करता येतो. अंतर ठरवताना परतीचा हिशोब करा. तीन-चार वर्षांच्या मुलाला थांबत-थांबत एक किलोमीटर जायला अर्धा तास सहज लागतो. मूल अजून उत्साहात असतानाच मागे फिरा. ते थकल्यावर फिरलात, तर सगळी उतरण ते तुमच्या खांद्यावर करणार आणि उतारावर १४-१५ किलो वजन घेऊन घसरलात तर दोघंही पडणार.

उतरताना मोठ्या माणसाने मुलाच्या एक पायरी खाली राहावं, आणि दरीच्या बाजूला कायम मोठं माणूस असावं. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस हवंच. श्रावणात शेवाळलेल्या पायऱ्या टाळा.

ऊन मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर लागतं. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्र मोठं असतं, म्हणून बाहेरची उष्णता अंगात जास्त शिरते, आणि त्यांना घामही कमी येतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात खेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. खेळताना मूल पाणी मागत नाही, म्हणून दर १५-२० मिनिटांनी तुम्ही होऊन तीन-चार घोट पाजा. घरी आल्यावर ताक किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी चालतं. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडलं. मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतं म्हणालं, उलटी आली किंवा अंग तापलं, तर खेळ तिथेच थांबवून सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसा. गुंगीत दिसलं किंवा असंबद्ध बोलू लागलं तर थेट दवाखाना.

धावताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, ओठ निळसर दिसणं, यातलं काहीही एकदा जरी झालं तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा धावू देऊ नका. दर वेळी धावल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी खोकला सुरू होत असेल किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याची तपासणी करून घ्या. दमा निघाला तरी खेळ बंद करायचा नसतो. खेळापूर्वी पंप घ्यायचा का आणि किती, हे डॉक्टर ठरवून देतात. तो पंप मैदानावर आजोबांच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीशेजारी असू द्या.